पिसवेचे गोत्र

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेला प्रवासी कुंभकोणम तीन-चार किलोमीटरवर राहिले की दारासुरम् नावाच्या छोट्या गावात पोचतो. गाव रेशमी विणकामासाठी नावाजलेले. पण पाहुणे येतात ते ऐरावतेश्वराच्या देवळासाठी. बाराव्या शतकात चोळ राजा दुसरा राजराज याने हे देऊळ बांधले आणि २००४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तिथे एक अगदी लहानसे शिल्प आहे. गाइड ते दाखवल्याशिवाय पाहुण्यांना सोडत नाहीत. एका बाजूला बैलाचे धड, दुसऱ्या बाजूला हत्तीचे आणि दोघांत मिळून डोके मात्र एकच! हाताने हत्तीचे धड झाका, बैल दिसतो. बैल झाका, हत्ती दिसतो. डोळे तेच, दगड तोच, पण काय झाकले आणि काय उघडे ठेवले यावर प्राणी ठरतो.

शिल्पकाराने ही गंमत जाणूनबुजून केली. कीटकशास्त्रज्ञांवर मात्र असाच प्रसंग वर्षानुवर्षे ओढवला होता, आणि तोही एका क्षुल्लक जीवापायी. तो जीव म्हणजे पिसू.

पिसू म्हटले की आपल्याला आठवते ते कुत्र्याचे खाजवणे, नाहीतर गोठ्याजवळून आल्यावर पायावर उठलेले लाल ठिपके. जगात पिसवांच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत, आणि त्या सगळ्यांची ठेवण साधारण एकच. पंख नाहीत, अंग दोन्ही बाजूंनी चपटे, मागचे पाय उडीसाठी लांब आणि तोंडात रक्त शोषण्याची सुई. केसांच्या जंगलातून सरसर पळायचे तर असेच अंग हवे. पण त्यामुळेच प्रश्न उभा राहिला. जगण्याच्या सोयीसाठी हिने आपल्या पूर्वजांच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या. पंख पाहून माशीचे आणि मधमाशीचे घराणे ओळखता येते, हिला पंखच नाहीत. मग ही कुणाची कोण? अळी पाहिली तर बिनपायांची, माश्यांच्या अळीसारखी, म्हणून काहींनी हिला माश्यांच्या कुळात बसवले. अंगातली इतर रचना पाहिली तर दुसरेच नातेवाईक दिसत. ज्याने जी बाजू झाकली त्याला तो प्राणी दिसला.

ग्रंथिक सन्निपात

एवढ्याशा किड्याच्या कुळाची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. महाराष्ट्रात तरी हा प्रश्न विचारू नये. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना जांघेत गाठी आलेले, तापाने फणफणलेले रोगी दिसले आणि त्यांनी हा प्लेग असल्याचे सांगितले. त्या वेळची मराठी वर्तमानपत्रे या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले त्याला बळी पडल्या. घरोघरी शिरून झडत्या घेणाऱ्या, सामानसुमान जाळणाऱ्या आणि माणसांना सेग्रिगेशन कँपात नेणाऱ्या प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर २२ जूनला चापेकरांनी गोळी झाडली. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानात या रोगाने सुमारे एक कोटी माणसे नेली.

मला यातली सर्वांत करुण गोष्ट वाटते ती ही, की जाळणाऱ्यांना आणि ज्यांचे जळत होते त्यांना, दोघांनाही खरा गुन्हेगार ठाऊक नव्हता. रोगाचा जिवाणू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. पण तो उंदरातून माणसात येतो कसा, हे कळले नव्हते. घाण, दमट जमीन, दूषित हवा, धान्य अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. घरांच्या जमिनी खणल्या, भिंतींवर औषधे फवारली. पिसवेकडे कुणाचे लक्षच नव्हते.

ते वेधले पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. काही रोग्यांच्या अंगावर त्याला चाव्यासारखा छोटा फोड दिसे आणि त्यात प्लेगचे जिवाणू सापडत. जून १८९८ मध्ये कराचीत, हॉटेलातल्या मुक्कामात त्याने एक प्रयोग केला. प्लेग झालेल्या माणसाच्या घरातून आजारी उंदीर आणून काचेच्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावर थोड्या पिसवा होत्याच. जास्त हव्यात म्हणून हॉटेलच्या आवारात फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या उसन्या घेतल्या! उंदीर मेला. शेजारी जाळीत टांगलेल्या धडधाकट उंदराने त्याला स्पर्शही केला नव्हता, तरी काही दिवसांत तोही गेला. सिमाँचे म्हणणे तेव्हा बहुतेकांनी हसण्यावारी नेले.

ते खरे ठरवण्याचे काम मुंबईत झाले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ पासून हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा होती. हीच आजची हाफकिन संस्था. ग्लेन लिस्टन आणि त्यांच्यानंतर १९०५ मध्ये कामाला लागलेले प्लेग संशोधन मंडळ यांनी गिनीपिगांवर साधे पण बिनतोड प्रयोग केले. प्लेगच्या जागी जमिनीलगत ठेवलेले गिनीपिग मेले. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. हवा दोघांना तीच होती. १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी त्यापुढचा उलगडा केला. जिवाणू पिसवेच्या घशाशी वाढून बोळा बसवतात. रक्त पोटात जात नाही, पिसू उपाशी राहते, भुकेने वेडी होऊन पुन:पुन्हा चावते आणि दर चाव्याला जिवाणू जखमेत ओकते.

मद्रास का वाचले?

एक कोडे मात्र उरले होते, आणि ते आपल्याला पुन्हा तमिळ मुलखात घेऊन जाते. मुंबई, पुणे आणि पंजाब होरपळत असताना मद्रास शहरात आणि तमिळ किनाऱ्याच्या सखल भागात प्लेगने कधी घट्ट मूळ धरले नाही. सेलम, कोइंबतूरकडच्या चढावर तो गेला, पण समुद्राकाठी थबकला. उंदीर तिथेही होते, गर्दी तिथेही होती, बंदरे आणि धान्याची कोठारेही होती.

उत्तराचा धागा कोलंबोत सापडला. तिथल्या नगरपालिकेचे सूक्ष्मजीवतज्ज्ञ एल. फेबियन हर्स्ट यांनी १९१३ च्या सुमारास उंदरांवरच्या पिसवा सूक्ष्मदर्शकाखाली नीट तपासल्या. सगळे जण त्यांना मुंबईतलीच पिसू समजत होते, पण ती तशी नव्हती. मुंबईची पिसू होती ‘झेनोप्सायला चिओपिस’. चार्ल्स रॉथशिल्ड यांनी १९०३ साली नाईल खोऱ्यातून आणलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले आणि पिरॅमिड बांधणाऱ्या चिओपस राजाचे नाव तिला दिले. कोलंबोची पिसू होती तिची सख्खी बहीण शोभेल अशी ‘झेनोप्सायला ॲस्टिया’. मद्रासहून नमुने मागवले, तर तिथेही ॲस्टियाच!

दोघींतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मादीच्या पोटात नराचे बीज साठवण्याची सूक्ष्म पिशवी असते, तिचा आकार एकीत वेगळा आणि दुसरीत वेगळा. नरांमध्ये शेपटाकडच्या भागात फरक. बस्स, एवढेच. पण ॲस्टियाच्या घशात तो जीवघेणा बोळा चिओपिसइतका सहज बसत नाही, म्हणून ती प्लेग पसरवण्याच्या कामी कच्ची. १९१४ मध्ये कोलंबोत प्लेग आलाच, तेव्हा त्याचे ठाणे धान्याच्या वखारींच्या वस्तीत पडले, आणि बाहेरून मालाबरोबर आलेली चिओपिस तिथे वावरत असल्याचे हर्स्टनी दाखवले. हवामानाचाही यात वाटा आहे हे खरे. उन्हाळ्याच्या तापल्या, कोरड्या दिवसांत चिओपिस फार काळ टिकत नाही, आणि पुढे तज्ज्ञांनी पिसू मोठी की हवा मोठी यावर बराच वाद घातला. तरीही दोन बहिणींची गल्लत ही केवळ संग्रहालयातली बाब नव्हती, एवढे तर उघड झाले. लाखो माणसांचे जगणे-मरणे त्या पिशवीच्या आकाराशी बांधलेले होते.

पोथीतल्या चुका

आता वळूया मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पिसवेच्या कुळाकडे. शरीर पाहून जे सुटले नाही ते डीएनएने कसे सुटू लागले, हे समजायला आपल्याकडे एक फार चांगला दाखला आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. पुढे तीनशे वर्षे तिच्या हातांनी नकला होत गेल्या आणि प्रत्येक लेखनिकाने नकळत काही शब्द बदलले. म्हणून १५८४ मध्ये एकनाथमहाराजांनी अनेक प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक आजही एक युक्ती वापरतात. शुद्ध शब्द सगळ्याच प्रतींत सारखा असतो, त्यावरून काही कळत नाही. पण एखादी विशिष्ट चूक पाच पोथ्यांत जशीच्या तशी असेल, तर त्या पाचही एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरल्या हे समजावे. चुकांवरून पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

डीएनए ही अशीच पोथी. तिची अक्षरे चारच, ए, टी, जी आणि सी, पण मजकूर कोट्यवधी अक्षरांचा. आईबापांकडून पिलांकडे जाताना तिची नक्कल होते आणि मधूनच एखादे अक्षर बदलते. ते बदललेले अक्षर पुढच्या साऱ्या वंशात उतरते. शास्त्रज्ञ निरनिराळ्या जातींतला एकच उतारा, म्हणजे एकच जनुक, एकाखाली एक मांडतात आणि कोणते बदल कोणाकोणात समान आहेत हे संगणकाकडून तपासून घेतात. काही जनुके फार सावकाश बदलतात, ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नात्यांसाठी उपयोगी. काही भराभर बदलतात, ती सख्ख्या-चुलत बहिणी ओळखायला. दोनच मिलिमीटरच्या किड्यात असा मजकूर पुरेसा मिळतो का? मिळतो. त्याच्या लाखो प्रती काढायचे जे तंत्र आहे, त्याला पीसीआर म्हणतात. २०२० पासून हा शब्द घराघरात पोचला आहे, त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. शिवाय पिसवेच्या अंगातला मऊ भाग विरघळवून डीएनए घेतला तरी बाहेरचे कवच शाबूत राहते. ते काचपट्टीवर बसवून जुन्या पद्धतीनेही तपासता येते. पोथी वाचली आणि पोथीचे वेष्टनही राखले, असे हे काम.

अमेरिकेतल्या युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे मायकेल व्हायटिंग यांनी हे काम नेटाने केले. २००२ साली त्यांनी चार जनुकांवरून जो वंशवृक्ष मांडला, त्याने पिसवेला माश्यांच्या कुळातून काढून विंचूमाश्यांच्या घरात नेले. विंचूमाशी हा एक सडपातळ, पंखवाला कीटक. नराचे शेपूट विंचवाच्या नांगीसारखे वर वळलेले असते म्हणून हे नाव, नांगी मात्र नसते. या घराण्याची एक शाखा थंड मुलखात बर्फावर वावरते. तिचे पंख खुरटलेले, आणि ती उड्या मारते! व्हायटिंग यांच्या मते पिसू या हिमविंचूमाश्यांची सर्वांत जवळची नातलग. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पिसवांच्या सव्वाशेहून अधिक जाती घेऊन पिसवांच्या आपसांतल्या नात्यांचाही वृक्ष मांडला. पुढच्या अभ्यासांतून दिसले, की पिसवांच्या वंशाची सुरुवात डायनोसॉर असतानाच्या काळात, सस्तन प्राण्यांच्या संगतीत झाली. पक्ष्यांवर राहणाऱ्या थोड्याशा जाती नंतरच्या. घर बदललेल्या बिऱ्हाडकरूंसारख्या.

त्यानंतर आणखी गंमत झाली. चार जनुकांच्या जागी चौदाशेवर जनुके वाचणे शक्य झाले. २०२० मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पिसू विंचूमाश्यांच्या घरातलीच निघाली, पण हिमशाखेची नव्हे. तिची जवळची बहीण ठरली ‘नॅनोकोरिस्टा’ची शाखा. ही शाखा आज फक्त ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडे, ओढ्याकाठी सापडते. दुसऱ्या काही संशोधकांच्या हिशेबाने पिसू विंचूमाश्यांच्या घरात नसून घराला लागून असलेल्या खोलीत राहते. म्हणजे वाद मिटलेला नाही. इतक्या जुन्या नात्यात बदललेली अक्षरे पुन:पुन्हा बदलून गेलेली असतात, त्यामुळे एकच मजकूर दोन जाणकार दोन तऱ्हांनी वाचू शकतात. पोथ्यांच्या अभ्यासकांना हेही नवे नाही.

दगडांनीही साक्ष दिली आहे. २०१२ मध्ये चीनमधून साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचे पिसवांसारखे जीवाश्म जाहीर झाले. मादी दोन सेंटिमीटर लांब! उडीचे पाय नाहीत, पण तोंडात करवतीच्या दात्यांची लांब सोंड. ते आजच्या पिसवांचे थेट पूर्वज की खापरपणजोबांचे भाऊबंद, यावरही मतभेद आहेत.

घरातली पिसू

एवढ्या दूरच्या इतिहासात रस नसलेल्यांसाठी डीएनएने जवळचाही एक उलगडा केला आहे. आपल्या कुत्र्यांवर जी पिसू दिसते तिला आपण अर्थातच कुत्र्याची पिसू म्हणतो. शास्त्रात ‘कुत्र्याची पिसू’ हे नाव ज्या जातीला आहे, ती मुख्यत: थंड हवेची. आपल्याकडच्या कुत्र्यांवर बहुधा मांजराच्या पिसवेची ‘पूर्वेकडची’ पोटजात असते, असे पुस्तके सांगत. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी तिची जनुके तपासली, तेव्हा ही मांजराच्या पिसवेची पोटजात नव्हे, तर वेगळी जातच म्हणावी असे दिसले. २०१५ मध्ये मुंबई, दिल्ली वगैरे ठिकाणच्या भटक्या कुत्र्यांवरच्या पिसवांची अशी तपासणी झाली, त्यांतही हीच ‘ओरिएंटिस’ सापडली आणि तिच्या अंगात तिचा स्वत:चा खास जिवाणूही मिळाला. ज्या पिसवेबरोबर कोणता जिवाणू नांदतो हे ठाऊक असेल, त्याच पिसवेपासून होणाऱ्या तापाचे निदान नीट करता येईल. (पाळलेल्या कुत्र्याच्या मालकांनी मात्र एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. कुत्र्यावर दिसतात त्या मोठ्या झालेल्या पिसवा. अंडी आणि अळ्या असतात त्याच्या अंथरुणात, सतरंजीखाली आणि फरशीच्या फटींत. नुसते कुत्र्याला औषध लावून भागत नाही.)

प्लेगच्या जिवाणूच्या पोथीतही पिसवेचा उल्लेख आहे बरे का. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांतून या जिवाणूचे डीएनए मिळाले आहे. कांस्ययुगातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत पिसवेच्या पोटात तग धरायला लागणारे एक महत्त्वाचे जनुक नव्हतेच. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या रशियातल्या नमुन्यात ते आढळते. म्हणजे या दोघांची युती तेवढी तरी जुनी.

ती युती आपल्याकडे पुन्हा दिसली १९९४ साली. आदल्या वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला होता. शेजारच्या बीड जिल्ह्यातही माणसे भीतीने घरे सोडून बाहेर राहत होती. धान्य घरात राहिले आणि उंदरांचे फावले. ऑगस्ट १९९४ मध्ये मामला या गावी आधी पिसवांचा त्रास वाढल्याची तक्रार आली, पाठोपाठ गाठीचा ताप आला. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगने हलकल्लोळ उडवला. हा खरोखर प्लेगच होता का, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढा वाद झाला होता! हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने त्या साथीतून मिळालेल्या जिवाणूंच्या जनुकाची अक्षरे वाचून २००० साली तो प्लेगचाच जिवाणू असल्याचा निर्वाळा दिला.

मामल्यात पिसवा आधी आणि ताप मागून आला, हा क्रम जुनाच आहे. उंदीर मेला की त्याचे अंग गार पडते आणि पिसवा ऊब शोधत निघतात. म्हणूनच घरात किंवा गोदामात एकाएकी मेलेले उंदीर आढळू लागले, तर ते हाताने उचलू नयेत, आरोग्य खात्याला कळवावे. आधी पिसवांवर औषध आणि मग उंदरांवर, हा साथीतला नियमही त्यातूनच आला. उलटे केले तर पिसवांना बेघर करून माणसांकडे धाडल्यासारखे होते.

मुंबईत महापालिकेचे मूषक संहारक रात्रपाळीला काठी आणि विजेरी घेऊन गटारांच्या आणि बाजारांच्या कडेने अजूनही फिरतात. मारलेल्या उंदरांतले काही तपासणीसाठी पाठवण्याची पद्धत तिथे जुनी आहे. प्लेगवर पाळत ठेवायची तर उंदराच्या अंगावरून पिसवा विंचरून काढतात, मोजतात आणि दर उंदरामागे किती पडल्या याची सरासरी काढतात. चिओपिसची सरासरी एकच्या वर गेली की धोक्याची सूचना समजली जाते. या मोजणीत ॲस्टिया धरत नाहीत, तिचा रकाना वेगळा. त्यामुळे मोजणाऱ्याला प्रत्येक पिसू काचपट्टीवर घेऊन ती छोटीशी पिशवी पाहावीच लागते.